लोखंडाची भूक

तुमच्या घरचं कुणी दवाखान्यात असेल तर हे वाचून झाल्यावर एक काम करा. घरून जो डबा जातो, जो फ्लास्क जातो, तो उघडून बघा. आत काय आहे ते नीट विचारून घ्या. मायेनं कोण काय कालवतं याचा डॉक्टरांना पत्ता नसतो आणि आजारी माणसाला तेवढी शुद्ध नसते. माझ्या बाबतीत दोन्ही खरं होतं, म्हणून हे लिहिते आहे.

मी शालन. धारूरच्या बाजारात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं, ठिबकचं सामान. नवरा भास्करराव शेत बघतात, दुकान मी बघते. मूलबाळ नाही, त्यावर इथं काही लिहायचं नाही. घरात तिसरं माणूस म्हणजे माझी मोठी नणंद, आक्का. तिला घाटनांदूरला दिली होती. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, आणि मग स्वयंपाकघर तिचं झालं. मला त्याची अडचण कधी वाटली नाही. दुकानातून दमून आल्यावर आयती भाकरी मिळते, याच्यासारखं सुख नाही.

ताप

आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड. मुतखडा घराघरात. माझा डावीकडचा खडा नळीत अडकला, आतून नळी घालून तो काढला, आणि मी दुकानात परतले. आठवडाही धड गेला नसेल, एका सकाळी युरियाची पोती उतरवून घेताना मला थंडी भरली. साधी थंडी नव्हे. दात आपोआप वाजत होते आणि हातातली पावती वाचता येत नव्हती. शेजारी रफिकभाईंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. त्यांनी मला त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये घालून घरी सोडलं. वाटेत म्हणाले, "भाभी, तुमी तर फ्रीजच्या कॉम्प्रेसरसारख्या थरथरतायत." मी हसले असेन. नीट आठवत नाही.

घरी आक्कानं तिच्या पद्धतीनं सुरुवात केली. उशाखाली विळा ठेवला. मग चुलीत लोखंडाचा जाड खिळा लालभडक केला, चिमट्यात धरला, आणि तांब्यातल्या पाण्यात विझवला. चर्रर आवाज झाला, वाफ उठली, आणि त्याच वेळी तिनं माझं नाव घेऊन हाक मारली. ही तिच्या सासरकडची रीत. लोखंड पाण्यात शिरताना आजाऱ्याला हाक मारायची, आजाऱ्यानं 'ओ' द्यायची, मग ते पाणी त्यानं प्यायचं. ओ दिली म्हणजे पाणी कुणासाठी ते ठरलं. नाहीतर भलतंच कुणी पिऊन जातं, असं ती म्हणायची.

मी गप्प पडून होते. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली. "अगं ओ दे की, कावून गप हायेस?"

मी ओ दिली. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं. पाण्याला गंजाची चव होती.

हे सगळं ती का करते ते मला माहीत होतं. तिची एकुलती एक मुलगी सुरेखा, बाळंतपणानंतर तापानं गेली. आक्कानं लेकीच्या गादीखाली विळा ठेवला होता आणि तो कुणीतरी बाजूला काढला. आक्काच्या हिशेबी मुलगी तो विळा काढल्यापायी गेली. वीस-बावीस वर्षं झाली असतील. तेव्हापासून घरात कुणाला साधी सर्दी झाली तरी तिच्या हातात लोखंड असतं.

निदानाचा दिवस

अंबाजोगाईला नेलं, तिथून संभाजीनगरला. तोवर माझा रक्तदाब उतरला होता आणि मला माणसं पाण्याखालून दिसावीत तशी दिसत होती. लघवीतला जंतू रक्तात गेला होता.

ज्या डॉक्टरबाई मला बघत होत्या त्या जंतुसंसर्गाच्या खास डॉक्टर. बारीक अंगाच्या, आवाज खालचा. अहवाल आला त्या दिवशी त्या खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की बातमी वाईट, हे मी तोवर शिकले होते. कागदावर एकाखाली एक औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे 'आर' हे अक्षर. म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. वरपासून खालपर्यंत आर. भास्कररावांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली. मागं कोरं होतं.

मी विचारलं, आता काय. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. जंतूचं मूळ ठाणं डाव्या मूत्रपिंडात आहे. सध्याची औषधं त्याला जेमतेम दाबून धरतात. एक नवं औषध आहे, आपल्याकडे सहज मिळत नाही, बाहेरून मागवावं लागेल, परवानगी लागेल. ते येईपर्यंत मी टिकले आणि ते लागू पडलं तर ठीक. नाही लागू पडलं तर मूत्रपिंड काढावं लागेल.

"काढा मग," मी म्हटलं. "दुसरं हाय की."

त्या म्हणाल्या, "या रक्तदाबात टेबलावर घेतलं तर तुम्ही टेबलावरून उठाल याची खात्री मला देता येत नाही."

भास्करराव उठून बाहेर गेले. मी छताकडे बघत पहिला विचार केला तो दुकानातल्या ज्वारीच्या बियाण्याचा. परतीची मुदत जवळ आली होती. माणूस घाबरतो तेव्हा असलं काहीतरी सुचतं, त्याची लाज वाटून घेऊ नका.

चेहरे नसलेली माणसं

हा जंतू दुसऱ्यांना लागू नये म्हणून मला एकटीला काचेच्या दाराच्या खोलीत ठेवलं. आत येणाऱ्या प्रत्येकानं पिवळा झगा, टोपी, मास्क, हातमोजे घालायचे. सिस्टर असो, झाडूवाली असो की नवरा, सगळे सारखेच. काचेबाहेर कुणी उभं राहिलं की ते कोण हे कळायचं नाही. आत येऊन बोलल्यावर कळायचं. काही जण बोलायचेच नाहीत. यायचे, बाटली बदलायचे, जायचे.

आतला दिनक्रम सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या वेळी परका वाटणार नाही. पहाटे रक्त काढतात. मग अंग पुसतात. मग नाश्ता, जो मी नुसता बघायची. मग डॉक्टर. दुपारी बाराला घरचं एक माणूस आत सोडतात. भास्करराव सकाळी औषधांच्या मागे पळायचे, म्हणून बाराला आक्का यायची. ती शहरात भाचीच्या फ्लॅटवर उतरली होती. फ्लास्क घेऊन यायची, चार घोट पाणी पाजायची, उशी सारखी करायची. उशीखाली काहीतरी टणक लागायचं. विळा आत येऊ देईनात म्हणून तिनं अडकित्ता आणला होता. सिस्टरला सांगितलं, सुपारी खाते मी. लबाडीत तिचा हात धरणारं कुणी नाही.

आता जे लिहिते ते तापातलं आहे, असं समजून वाचा. मीही तसंच समजते.

बारा वाजायच्या जरा आधी, आक्का यायच्या आधी, खोलीत एक शांतता व्हायची. यंत्रं चालू असायची, पण त्यांचा आवाज दूर गेल्यासारखा. आणि मग कुणीतरी हाक मारायचं. "शालन." एकदाच. आवाज आक्काचा. काचेबाहेर बघावं तर कुणी नाही.

आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. भर दुपारी तर नाहीच. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. जे माणूस नाही ते एकदाच मारतं. लहानपणापासून ऐकलेलं. मी दुकानात कीटकनाशकं विकणारी बाई, असल्या गोष्टींवर मी कधी विश्वास ठेवला नव्हता. पण त्या खोलीत मी ओठ घट्ट मिटून घ्यायची. दुसरी हाक कधी आली नाही.

आणि हाकेनंतर डाव्या कुशीत काहीतरी सुरू व्हायचं. त्याला मी दुखणं म्हणणार नाही. दुखणं मला माहीत आहे. पलीकडच्या खोलीत पंगत बसावी आणि भिंतीतून त्याची चाहूल लागावी, तसं ते होतं. कुणीतरी जेवत होतं, आणि ते मी नव्हते. मी तर दिवसेंदिवस वाळत चालले होते.

आमिष

एका सकाळी रफिकभाईंचा फोन आला. माझ्या मागं दुकानाचं शटर तेच उघडत होते. गिऱ्हाईक समोर उभं होतं, उंदरांनी वैताग आणलेला शेतकरी. रफिकभाई विचारत होते, पुडी द्यायची ती ठीक, पण सांगायचं काय? हा म्हणतो मागल्या वर्षी नेली, उंदीर तोंड लावीनात.

मी बिछान्यातून सांगितलं. पहिले दोन-तीन दिवस विष घालायचंच नाही. नुसता भरडा, तेल आणि गूळ बिळाच्या तोंडाशी ठेवायचा. उंदीर लई संशयी. पहिल्यांदा एकजण चाखतो, बाकीचे बघतात. दोन दिवस काही झालं नाही म्हणजे त्यांना ती चव ओळखीची होते. मग त्याच भरड्यात औषध कालवायचं. आणि आजूबाजूला दुसरं खायला काही ठेवायचं नाही. कणगी, पोती, सांडलेले दाणे, सगळं आधी झाडून काढायचं. पोट भरलेला उंदीर आमिषाकडे बघत नाही.

"भाभी," रफिकभाई म्हणाले, "तुमी आजारी हायेत का ट्रेनिंग देताय?"

फोन ठेवला तेव्हा डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, मी जे समजावून सांगायला आले होते ते तुम्हीच सांगून टाकलंत.

त्यांनी सांगितलेलं मला जसं समजलं तसं लिहिते. शरीराला जंतूंची चाहूल लागली की ते आपलं लोखंड लपवून ठेवतं. रक्तातलं लोखंड आवरून कोठारात टाकतं. कारण जंतूला वाढायला लोखंड लागतं, आणि तेच मिळालं नाही तर तो उपाशी राहतो. पण जंतूही तयारीचा. तो एक बारीकसा पदार्थ बाहेर सोडतो. आकडा म्हणा. तो आकडा जाऊन कुठूनतरी लोखंडाचा कण पकडतो आणि जंतूकडे परत येतो. जंतूच्या अंगावर दारं असतात, प्रथिनांची बनलेली. ती कुणालाही उघडत नाहीत. लोखंड धरलेला आकडा दारात बरोबर बसला की मात्र दार त्याला आत ओढून घेतं.

आमची नेहमीची औषधं बारीक भोकांतून आत शिरतात, त्या म्हणाल्या. तुमच्या जंतूनं ती भोकं आवळून घेतली आहेत, आणि जे आत जातं ते तो तोडून टाकतो किंवा बाहेर फेकतो. हे नवं औषध भोकांवर अवलंबून राहत नाही. त्यालाही तसाच आकडा जोडलेला आहे. ते तुमच्या रक्तातलं लोखंड हातात धरतं आणि दारापाशी जाऊन उभं राहतं.

"आन् तो दार उघडतो?"

"स्वतःच आत ओढून घेतो. लोखंड दिसलं की."

"दिसतं त्याला?"

"नाही. त्याला डोळे नाहीत, डोकं नाही. दिसतं म्हणणं चूक. त्याला फक्त ओळखता येतं."

हे वाक्य मला अजून सोडत नाही. ज्याला काहीच कळत नाही, त्यालाही ओळखता येतं. माझ्या डाव्या कुशीत असंख्य दारं होती. त्यामागे कुणीच नव्हतं, आणि तरी ती वाट बघत होती.

जाताना त्या म्हणाल्या, प्रयोगशाळेत या औषधाची चाचणी करतानाही आधी जंतूला लोखंडावाचून उपाशी ठेवतात. उपाशी असला की तो दारं वाढवतो. पोट भरलेलं असेल तर दारं कमी करतो. तुमच्या जंतूची चाचणी केली, उपाशी ठेवल्यावर तो औषध घेतो आहे. परवानगी आली आहे, औषध निघालं आहे.

मी म्हटलं, म्हणजे सांडलेले दाणे आधी झाडून काढायचे.

काळं

त्याच दिवशी सिस्टरनं डॉक्टरांना बोलावलं. माझं शौच डांबरासारखं काळं झालं होतं. असल्या गोष्टी लिहिताना लोक संकोच करतात; करू नका, जीव तिथेच अडकलेला असतो. काळं शौच म्हणजे पोटात रक्तस्राव, अशी धावपळ झाली. तसं असतं तर पुढचं सगळं थांबलं असतं. मूत्रपिंड काढण्याची वाटही बंद झाली असती. भास्कररावांना काचेबाहेर कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. झगा घातलेला असूनही तेवढं ओळखू आलं.

दुर्बीण घालून पोट बघितलं. आत रक्ताचा थेंब नव्हता.

डॉक्टरबाईंनी विचारलं, लोखंडाच्या गोळ्या चालू आहेत का? त्यानंही काळं होतं. मी म्हटलं, नाहीत. त्यांनी औषधांचा तक्ता पाहिला, नव्हत्या. त्या निघाल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि जिभेवर मला गंजाची चव आली. गेले कित्येक दिवस होती. मला वाटत होतं, ती तापाची आहे.

मी त्यांना परत बोलावलं आणि म्हटलं, उद्या बाराला माझी नणंद येईल, तिच्या हातातला फ्लास्क बघायचाय.

बारा वाजता

आक्का आली. डॉक्टरबाईंनी फ्लास्कचं पाणी पांढऱ्या वाटीत ओतलं. गढूळ तांबूस होतं, आणि तळाशी लाल सालीचे तुकडे. आशाताई गावात वाटतात त्या रक्तवाढीच्या गोळ्या. आक्का भाचीच्या गॅसवर खिळा लाल करायची, पाण्यात विझवायची, आणि वर गोळ्या कुटून घालायची. गुळाचा खडा टाकून. एवढ्या मोठ्या दुखण्याला नुसतं विझवलेलं पाणी पुरणार नाही, असं तिला वाटलं होतं.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत, हे मी त्यांचे उपकार समजते. त्यांनी सांगितलं की पोटातलं किती लोखंड जंतूपर्यंत पोचलं ते कुणी सांगू शकणार नाही. कदाचित फारसं नाही. पण आतड्यातही हाच जंतू बसलेला आहे आणि तो तर पोटभर जेवला असेल. आता एक थेंब नको. मग त्या बाहेर गेल्या, आणि मला कळलं की हे काम माझ्यावर सोडलं आहे.

आक्का काही ऐकायला तयार नव्हती. मास्कच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते. तिचं म्हणणं, डॉक्टर लोक असंच म्हणतात. सुरेखाच्या वेळीही म्हणाले, विळा कशाला, काढा तो. काढला, अन् काय झालं? तू इथं डोळे मिटून पडलेली असतीस, तुला काय कळतं. मी तुला मरू देणार न्हाई.

जंतू, दारं, आकडा, हे तिला सांगून उपयोग नव्हता. मी तिच्याच वाटेनं गेले.

"आक्का," मी म्हटलं, "लोखंडाला जे भितं ते येगळं. हे लोखंडाला भीत न्हाई. हे लोखंड खातं."

तिनं वाटीतल्या पाण्याकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी मी त्याला जेवू घातलं का रोज?"

"हो."

"सुरेखाला बी मी हेच पाणी देत होते."

"ते मला ठाऊक न्हाई, आक्का. तिला काय झालतं ते आता कुणीच सांगू शकत न्हाई."

खोटा धीर देण्याची माझ्यात ताकद नव्हती, आणि खरं कुणाकडेच नव्हतं. आक्कानं माझ्या उशीखाली हात घातला, अडकित्ता काढला आणि झग्याच्या आत कमरेला खोचला. फ्लास्क उचलला. दाराशी जाऊन थांबली.

"पण तू तर ओ देत होतीस की," ती म्हणाली.

मी विचारलं, कधी?

तर तिनं सांगितलं. रोज निघायच्या आधी, भाचीच्या स्वयंपाकघरात, खिळा पाण्यात विझवताना ती मला हाक मारायची. इतक्या लांबून ओ कशी येणार, हे तिलाही कळत होतं, पण रीत मोडायची नाही म्हणून मारायची. आणि रोज ओ यायची. बारीक, पण यायची. म्हणून तर तिला भरवसा होता की पाणी लागू पडतंय.

मी तिला सांगितलं नाही की हाक मला ऐकू येत होती. आणि हेही सांगितलं नाही की मी एकदाही ओ दिली नव्हती.

तापलेलं लोखंड पाण्यात शिरताना आवाज करतं. त्यात कुणाला काय ऐकू येईल सांगता येत नाही. मी स्वतःला हेच सांगते.

ठिबक

औषध आलं. बर्फाच्या पेटीतून, लहान बाटल्यांत, पांढरी भुकटी. एवढ्याशा वस्तूसाठी भास्करराव मुंबईपर्यंत जाऊन आले होते. ते दिवसातून तीनदा, तीन-तीन तास, थेंबाथेंबानं चढवायचे. मी सबंध तालुक्याला ठिबक विकलं, आता ते माझ्या दंडाला लागलं होतं.

मधल्या दिवसांत आक्का बाराला यायची, पण हात रिकामे. तिला काय करावं कळायचं नाही. मग तिनं माझे पाय दाबायला सुरुवात केली. हातमोज्यांतून पाय दाबले तर फार बरं वाटत नाही, पण मी सांगितलं नाही. एक सिस्टर लातूरकडची होती, ती अंग पुसताना माहेरच्या गोष्टी सांगायची. एका संध्याकाळी तिनं मला उगाच खिडकीपाशी बसवलं आणि बाहेर चाललेली मोसंबीची गाडी दाखवली. असल्या बारीक गोष्टींवर दिवस जातात. मोठ्या गोष्टींकडे बघायचं नाही.

औषध चालू झाल्यावर पहिले दोन दिवस काहीच घडलं नाही. ताप तसाच. डॉक्टरबाई यायच्या, कागद बघायच्या, जायच्या. शस्त्रक्रियेचे डॉक्टर येऊन माझ्या डाव्या कुशीवर बोटं दाबून गेले. भास्करराव म्हणाले, सही करून ठेवू का? मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा.

त्या दुपारी बाराच्या आधी शांतता झाली. मी हाकेची वाट बघितली. आली नाही. कुशीत मात्र चाहूल होती, नेहमीपेक्षा जास्त. घाई होती तिच्यात. उपाशी माणसं पंगतीला तुटून पडावीत तशी. मला कळलं की दारं उघडत आहेत, सगळीकडे, एकदम. भीती वाटायला हवी होती. पण मला आठवत होते ते बिळाच्या तोंडाशी ठेवलेले भरड्याचे गोळे, आणि ते घेऊन आत जाणारे उंदीर. आपल्या पायानं, आनंदानं. मला क्षणभर त्यांची कीव आली. मग झोप लागली.

जाग आली तेव्हा अंग घामानं भिजलेलं आणि कूस मुकी. घर सोडून गेलेल्या माणसांच्या खोलीत असतं तसं तिथं होतं. सिस्टरनं तापमापक बघितला, पुन्हा झटकून लावला, पुन्हा बघितला.

मूत्रपिंड माझं माझ्याजवळ राहिलं.

घरी

घरी आले आणि पहिल्याच जेवणाला भाकरी वेगळी लागली. चांगली होती, पण वेगळी. स्वयंपाकघरात गेले तर चुलीवर खापराचा तवा. लोखंडाचा तवा नाही, कढई नाही, विळी नाही, उलथनं लाकडाचं. आक्कानं घरातलं सगळं लोखंड पोत्यात भरून गोठ्याच्या माळ्यावर टाकलं होतं. भाजी ती सुरीनं चिरायची, आणि सुरीही स्टीलची म्हणून दुकानदाराकडून दोनदा खात्री करून घेतलेली. भास्करराव हळूच म्हणाले, खुरपं शोधायला शेजारी जावं लागतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी सांगितलं की रक्तात जंतू नाही, लघवीत नाही. आतड्यात थोडे राहिले असतील. ते निवांत बसतात, बहुतेकांना काही करत नाहीत. आणि आता माझं रक्त फार कमी झालं आहे, तर लोखंडाच्या गोळ्या सुरू करायच्या.

मी विचारलं, ते उपाशी असतील का?

त्या म्हणाल्या, "ते नेहमीच उपाशी असतात. पण आता तुम्हीही आहात."

गोळी तीच होती. लाल सालीची. दुपारच्या जेवणाआधी मी ती तळहातावर घेऊन बसले आणि मला ती तोंडात टाकता येईना. कृषी केंद्र चालवणारी बाई, एका गोळीपुढं. बाहेर बाराचं ऊन रणरणत होतं, अंगणात चिटपाखरू नव्हतं. आक्का चौकटीत उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या आणला होता, पण आत यायला धजत नव्हती.

"आता हे कुणाला लागंल?" तिनं विचारलं.

"ठरवावं लागंल," मी म्हटलं. "हाक मारा."

ती नको म्हणाली. मान हलवत राहिली. मी पुन्हा सांगितलं. मग तिनं पदर तोंडाशी धरला आणि अगदी खालच्या आवाजात, एकदाच, हाक मारली.

"शालन."

मी पहिल्याच हाकेला ओ दिली. ताबडतोब, अंगणापर्यंत जाईल अशी.

आक्का कान देऊन उभी राहिली. मीही. पंख्याचा आवाज होता, गोठ्यात म्हैस हलली, बाकी काही नाही. मग तिनं आत येऊन तांब्या माझ्यापुढं ठेवला.

"एकच ओ आली," ती म्हणाली.

मी गोळी गिळली.